जत्रेनंतर उरलेल्या चरबीचा साबण होतो का?

सप्टेंबर 2024 मध्ये तिरुपतीच्या लाडवांच्या तुपात प्राण्यांची चरबी असल्याचा आरोप झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, चौकशीला विशेष पथक नेमलं गेलं, आणि तोवर कधी न ऐकलेले 'टॅलो' आणि 'लार्ड' हे दोन शब्द घराघरांत पोचले. टॅलो म्हणजे बकरी, मेंढी, गाय, म्हैस यांची कढवलेली चरबी. लार्ड म्हणजे डुकराची. याच सुमारास मोबाईलवर दुसरी लाट आली: टॅलोचं क्रीम लावा, टॅलोच्या साबणानं आंघोळ करा, सगळे त्वचारोग पळतील. एका बातमीत चरबी म्हणजे भेसळ, दुसऱ्या व्हिडिओत चरबी म्हणजे औषध. माणसानं गोंधळायचं नाही तर काय करायचं?

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा प्रश्न नुसता मोबाईलवरचा नाही. गावात लक्ष्मीची जत्रा भरली की घरोघरी बकरी पडतात, पै-पाहुणे जेवून जातात आणि मागे चरबीचे गोळे उरतात. थोडी चरबी रश्श्यात जाते. बाकीची परड्यात पडते, कुत्री ओढून नेतात, नाहीतर गटारीत जाते. बकरी ईदनंतरही तीच गत. म्हणून कुणी ना कुणी विचारतंच: याचा घरी साबण होतो का?

होतो, आणि चांगला होतो. शेकडो वर्षं जगातला बराचसा साबण प्राण्यांच्या चरबीचाच होता. आपल्याकडे वनस्पती तेलाच्या साबणाचा बोलबाला झाला तो शंभर-एक वर्षांपूर्वी, अर्देशिर गोदरेज यांनी चरबीविना साबण बाजारात आणला तेव्हापासून. पण एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो. घरी केलेला चरबीचा साबण बिघडतो तो चरबीमुळे नाही. चरबी नीट कढवलेली नसते किंवा सोडा अंदाजानं टाकलेला असतो, म्हणून बिघडतो. ही दोन कामं समजली की बाकीचं सोपं आहे.

चरबीचा साबण होतो म्हणजे नक्की काय होतं?

चरबी असो की गोडंतेल, त्याच्या रेणूची बांधणी एकसारखीच असते: ग्लिसरीनचा एक छोटा तुकडा आणि त्याला चिकटलेल्या तीन लांब साखळ्या. या साखळ्यांना स्निग्धाम्लं म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1823 साली ही बांधणी उलगडून दाखवली. तोपर्यंत माणसं हजारो वर्षं साबण करत होती, पण आत काय घडतं ते कुणाला माहीत नव्हतं.

चरबीत कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळलं की सोडा त्या तिन्ही साखळ्या ग्लिसरीनपासून सोडवतो आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला सोडियमचा एक कण जोडला जातो. अशी सोडियम जोडलेली साखळी म्हणजेच साबण. तिचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. अंगावरचा तेलकट मळ तेलाकडचं टोक धरतं, पाण्याकडचं टोक त्याला पाण्याबरोबर वाहून नेतं. मोकळं झालेलं ग्लिसरीन घरच्या साबणात तसंच राहतं. कारखाने बरेचदा ते काढून घेऊन वेगळं विकतात.

या क्रियेत चरबी आणि सोडा दोन्ही संपतात. चरबी चरबी राहत नाही आणि सोडा सोडा राहत नाही. अट एकच: दोघांचं प्रमाण बरोबर असलं पाहिजे.

कुठली चरबी घ्यायची?

बकऱ्याच्या किंवा मेंढ्याच्या गुर्द्याभोवतीची सगळ्यात उत्तम. ती पांढरीशुभ्र, कोरडी, बोटानं दाबली की भुरभुरत तुटणारी असते. तिच्यात मांसाचे धागे कमी, म्हणून कढवल्यावर उतारा जास्त आणि वास कमी. पाठीवरची, कातड्याखालची चरबी मऊ आणि पिवळसर असते, तिच्यात पडदे आणि रक्ताच्या शिरा जास्त. ती चालते, पण राबवते.

खाटकाकडे सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा. कन्नड बोलणारा दुकानदार असेल तर 'कोब्बु' म्हटलं की त्याला कळतं. जमलं तर त्याच्याच खिम्याच्या मशीनमधून काढून आणा, घरचं निम्मं काम वाचतं. चरबी ताजी हवी. दोन दिवस उघड्यावर राहिलेली, हिरवट किंवा आंबूस वासाची चरबी कितीही कढवली तरी सुधारत नाही. जत्रेच्या धामधुमीत कढवायला सवड नसेल तर धुऊन, निथळून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभरानं काढली तरी चालेल.

गोवंशाच्या चरबीचा विषय इथेच संपवतो. कर्नाटकात 2021 पासून गाय, बैल, वासरू आणि 13 वर्षांखालील म्हैस-रेडा यांच्या कत्तलीवर बंदी आहे. परदेशी व्हिडिओत 'बीफ टॅलो' दिसतं ते आपल्यासाठी नाही. मेंढ्या-बकऱ्याची चरबी साबणाला तितकीच चांगली, किंबहुना वडी थोडी जास्तच टणक होते.

कढवायची कशी?

ज्यानं घरी लोणी कढवून तूप केलंय त्याला हे काम अर्धं येतंच. लोण्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो. मंद आचेवर पाणी उडून जातं, दुधाचा अंश बेरी होऊन तळाला बसतो आणि वर निर्मळ तूप राहतं. कच्च्या चरबीतही पाणी असतं, पडदे असतात, रक्त असतं, मांसाचे कण असतात. तेच नासतात आणि वास मारतात. ते सगळं बाजूला काढून निव्वळ स्निग्ध भाग मिळवायचा, एवढंच कढवण्याचं काम. फरक इतकाच की लोणी एकदा कढवून भागतं, चरबीला दोन-तीनदा कढवावं लागतं. आणि तिची बेरी खायला घेऊ नका, कारण पुढे आपण त्यात मीठ भरपूर घालणार आहोत.

चरबीवरचं मांस, रक्ताच्या गुठळ्या आणि गाठी सुरीनं काढून टाका. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली की चरबी कडक होते आणि बारीक चिरता येते. जितकी बारीक चिराल तितकी लवकर आणि कमी आचेवर सुटते. मोठे तुकडे टाकले की बाहेरून करपतात आणि आतली चरबी आतच राहते.

जाड बुडाच्या पातेल्यात चरबी घ्या. एक किलोला साधारण अर्धा लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ घाला. पाण्यामुळे बूड करपत नाही. मिठामुळे पाणी जड होतं आणि मांसाचे, रक्ताचे कण त्यात उतरायला मदत होते. आच मंदच ठेवा, नुसते बारीक बुडबुडे यावेत इतकी. दोन-तीन तास लागतात. अधूनमधून हलवा, पाणी आटलं तर थोडं गरम पाणी घाला. तुकडे आकसून तपकिरी दिसायला लागले आणि वर पिवळसर तेल जमलं की उतरवा. सुती फडक्यातून दुसऱ्या पातेल्यात गाळा. फडकं पिळताना सावध राहा, आत अडकलेलं तेल उकळत्या पाण्याइतकंच गरम असतं.

आता हात न लावता रात्रभर ठेवा. सकाळी वर घट्ट पांढरी चकती जमलेली असते आणि खाली तपकिरी, चिकट पाणी. सुरीनं कडेनं सोडवून चकती उचला आणि उलटी करा. खालच्या अंगाला करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाला बुळबुळीत लागणारा थर दिसेल. बहुतेक लोक इथेच चुकतात, चकती वरून पांढरी दिसली म्हणून तशीच वापरतात. पण वास या थरात असतो. सुरीच्या पात्यानं तो खरवडून काढा, अगदी पांढरं लागेपर्यंत. मग चकतीचे तुकडे करून नवीन पाणी आणि मीठ घालून पुन्हा वितळवा, पुन्हा थिजवा, पुन्हा खरवडा. दुसऱ्या वेळी थर पातळ असतो. तिसऱ्या वेळी खालचं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं. ते स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.

शेवटी चकती पाण्याशिवाय, अगदी मंद आचेवर वितळवा. आधी तडतड आवाज येईल, बारीक बुडबुडे येतील. तो आत अडकलेल्या पाण्याचा आवाज. आवाज आणि बुडबुडे थांबले की पाणी संपलं. हे टाळू नका, पाण्याचा अंश राहिला की साठवलेली चरबी बुरसते. कोमट असतानाच कोरड्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ओता. फ्रीजमध्ये ती कित्येक महिने टिकते.

एक किलो चांगल्या गुर्द्याच्या चरबीतून साधारण 700 ते 800 ग्रॅम निव्वळ चरबी निघते. पडदे जास्त असतील तर कमी.

पातेलं सोडून जाऊ नका. पाणी आटून चरबी तापत गेली तर पेट घेऊ शकते. पेटलीच तर पाणी कधीही ओतू नका, पाण्याची क्षणात वाफ होऊन जळती चरबी चारी बाजूंना उडते. गॅस बंद करा, घट्ट झाकण घाला आणि थंड होईपर्यंत झाकण उघडू नका. शक्यतो परड्यातल्या चुलीवर किंवा बाहेर ठेवलेल्या शेगडीवर हे काम करा. घरात केलंत तर पडद्यांना दोन दिवस वास राहतो.

खालचं तपकिरी पाणी मोरीत ओतताना त्यावर चरबी नाही ना बघा. नळीत चरबी थिजते आणि नळी तुंबते. बेळगाव शहरातल्या कितीतरी गटारींचं पाणी शेवटी बळ्ळारी नाल्याला मिळतं, आणि पावसाळ्यात तो नाला वडगाव-येळ्ळूरकडच्या भातशेतांत शिरतो. आपल्या मोरीतली घाण कुणाच्या तरी पिकात जाऊ नये, एवढं भान ठेवायला हवं.

इतकं करूनही मटणाचा वास राहतोच की?

बकऱ्या-मेंढ्याच्या चरबीत काही विशिष्ट फांदीदार स्निग्धाम्लं अगदी थोड्या प्रमाणात असतात. बोकडाचा म्हणून जो उग्र वास आपण ओळखतो तो त्यांचाच. वाढ झालेल्या बोकडाच्या, विशेषतः कातड्याखालच्या चरबीत तो जास्त असतो. म्हणून कोवळ्या बकऱ्याची आणि गुर्द्याभोवतीची चरबी निवडायची. मांस, रक्त आणि करपण्याचा वास मात्र पूर्णपणे आपल्या हातातला आहे, तो दोन-तीन वेळा कढवल्यावर जातो. साबण झाल्यावर उरलासुरला वास आणखी मंदावतो आणि वाळताना बहुतेक निघून जातो. अगदी नाजूक नाक असलेल्याला किंचित जाणवेल. नाही म्हणणं खोटं होईल.

कॉस्टिक सोडा घरात आणायचा म्हणजे धोका नाही का?

आहे. इथे कुणी 'काही होत नाही' म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घरात लहान मुलं मध्येमध्ये येणार असतील तर त्या दिवशी हे काम करू नका.

डोळ्यांना पारदर्शक प्लास्टिकचा चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. जागा मोकळ्या हवेची. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, थोडा थोडा, हलवत. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, कारण तसं केलं की मिश्रण एकदम उकळून अंगावर उडतं. पाण्यात टाकतानाही ते इतकं तापतं की वाफ येते. ती हुंगू नका. थंड होईपर्यंत बाजूला ठेवा.

भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. आपल्याकडे स्वयंपाकघरात जर्मनची पातेली, झारे अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चरबी कढवायला ती चालतील, सोड्याला नाही.

कातडीवर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत धूत थेट दवाखाना गाठा. कुणी गिळलं तर उलटी करवू नका, तडक दवाखान्यात न्या. उरलेला सोडा घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, उंच जागी ठेवा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका.

हिशेब

प्रत्येक चरबीला, प्रत्येक तेलाला पूर्ण साबण व्हायला किती सोडा लागतो ते ठरलेलं आहे. बकऱ्या-मेंढ्याच्या चरबीला दर ग्रॅमला साधारण 0.138 ग्रॅम. खोबरेल तेलाला 0.183 ग्रॅम. आकड्यांतला हा फरक ज्यांना ठाऊक नसतो ते एका तेलाची कृती दुसऱ्याला लावतात आणि हात भाजून घेतात.

नुसत्या चरबीची वडी टणक होते आणि दिवस काढते, पण तिचा फेस बारीक आणि थोडा. खोबरेलात जवळजवळ अर्धा भाग लॉरिक नावाचं स्निग्धाम्ल असतं, त्यानं भरपूर फेस येतो. पण नुसतं खोबरेल कातडी कोरडी करतं. म्हणून दोन्ही मिसळायची. परदेशी कारखाने अनेक दशकं 80 भाग चरबी आणि 20 भाग खोबरेल अशा आसपासच्या प्रमाणात अंगाचा साबण करत आले. आपण 700 ग्रॅम चरबी आणि 300 ग्रॅम खोबरेल धरू. खोबरेल खाण्याचं घ्या, केसांचं सुगंधी नको.

चरबीसाठी 700 गुणिले 0.138, म्हणजे 96.6 ग्रॅम. खोबरेलासाठी 300 गुणिले 0.183, म्हणजे 54.9. एकूण 151.5 ग्रॅम. इतका सोडा टाकला तर सगळ्या चरबीचा साबण होईल आणि काहीच उरणार नाही. पण कागदावरचं प्रमाण प्रत्यक्षात तंतोतंत जुळत नाही, म्हणून सोडा पाच टक्के कमी घ्यायचा: 144 ग्रॅम. मग सोडा पूर्ण संपतो आणि थोडी चरबी साबण न होता उरते. ती अंगाला मऊपणा देते. पाणी 340 ग्रॅम.

आता समजा वाटीनं मोजलं आणि सोडा 10 ग्रॅम जास्त पडला. झाला 154. पूर्ण चरबी संपवायला लागणाऱ्या 151.5 च्याही वर. आता उरणार तो सोडा, आणि तो वडीतून थेट अंगावर. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे, एवढ्याशा चुकीत अंगाचा साबण कातडी सोलणारा होतो. म्हणून वाटी, चमचा, अंदाज काही चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा वजनकाटा हवाच. पाणीसुद्धा वजनावर घ्या.

कपड्यांना करायचा असेल तर नुसती चरबी घ्या: एक किलोला 138 ग्रॅमऐवजी 135. कपड्यांना उरलेल्या चरबीचा उपयोग नाही, म्हणून सोड्यातली सूट कमी.

मिसळणं, ओतणं, वाळवणं

चरबी आणि खोबरेल एकत्र वितळवा. ते मिश्रण आणि सोड्याचं पाणी दोन्ही 50 अंशांच्या आसपास असू द्या. मटणाची चरबी साधारण 45 अंशांखाली घट्ट व्हायला लागते, रश्श्यावरचा तवंग थंडीत ताटात थिजतो तो त्यामुळेच. मिश्रण थंड असेल तर ते घट्ट दिसतं आणि साबण झाला असं वाटतं. प्रत्यक्षात ती नुसती थिजलेली चरबी असते, आणि सोडा तसाच मोकळा असतो.

सोड्याचं पाणी चरबीत हळूहळू ओता आणि हलवा. हातानं अर्धा-पाऊण तास लागू शकतो, ब्लेंडरनं काही मिनिटं. पळीतून पडणारी धार वरच्या थरावर क्षणभर उमटून राहिली की साच्यात ओता. बटर पेपर लावलेली लाकडी पेटी चालते, प्लास्टिकचा डबा चालतो. एक-दोन दिवसांनी मोजे घालून काढा आणि वड्या कापा.

वड्या हवेशीर, सावलीच्या जागी चार ते सहा आठवडे ठेवा. क्रिया पहिल्या दोन दिवसांतच जवळजवळ पूर्ण होते. पुढचे आठवडे पाणी उडून वडी टणक होण्यासाठी असतात. खानापूर, लोंढा भागात जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही, वडीला पाणी सुटतं. दिवाळीनंतर केलेला साबण उत्तम.

वडीवर वरवरची पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ती हवेनं येते आणि ओल्या फडक्यानं जाते. पण कापल्यावर आत पाणचट खळगे दिसले किंवा टोकदार पांढरे स्फटिक दिसले, तर तो न मिसळलेला सोडा समजा. ती वडी अंगाला लावायची नाही.

पूर्वी राखेनंच तर करायचे, मग हा सोडा कशाला?

लाकडाच्या राखेच्या पाण्यात पोटॅशियमचा क्षार असतो, त्यात कळीचा चुना घातला की तीव्र क्षार तयार होतो आणि त्यानं साबण होतो. पण तो मऊ, लिबलिबीत होतो, वडी धरत नाही. शिवाय प्रत्येक राखेचा जोर वेगळा, तो मोजता येत नाही. म्हणजे पुन्हा अंदाजच. किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्याचा किंवा खाण्याच्या सोड्याचा तर प्रश्नच येत नाही, दोन्हीचा जोर कमी पडतो. मोरी साफ करायच्या पावडरीत काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही, ती घेऊ नका.

त्वचेला औषधी आहे म्हणतात?

टॅलो माणसाच्या कातडीच्या तेलासारखंच असतं, त्यानं इसब बरा होतो, सोरायसिस जातो, असं व्हिडिओत सांगतात. साबणाबाबत तरी हे लागू होत नाही, कारण साबण झाल्यावर, थोडा उरलेला अंश सोडला तर, ती चरबी चरबी राहतच नाही. कुठलाही खरा साबण क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच 9 ते 10 च्या घरात. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी, पाचच्या आसपास. चांगला साबण कातडीला कमी कोरडं करतो, इतकंच. ज्याला इसब आहे त्यानं कातडीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घरचा काय आणि बाजारचा काय, नवा साबण लावू नये.

बोअरचं पाणी जड असेल तर हा साबण अंगावर आणि बादलीच्या कडेला करडा थर सोडतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं. दोष साबणाचा नाही, पाण्याचा आहे, पण त्रास आपल्याला होतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर हाच साबण वेगळाच भासतो.

पण अंगाला चरबी लावायची?

या प्रश्नाला मी हलकं समजत नाही. आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरं शेजारी आहेत, मराठी घरांतही कितीतरी माळकरी आहेत. रसायन म्हणून साबण ही वेगळी वस्तू आहे हे खरं. पण तिचं मूळ प्राणीच आहे आणि सोडा पाच टक्के कमी घेतल्यामुळे थोडी चरबी जशीच्या तशी उरते हेही खरं. ज्याला नको त्याला नको, त्यावर वाद घालू नये. बाजारच्या साबणाबद्दल शंका असेल तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचा: 'सोडियम टॅलोएट' म्हणजे चरबीचा साबण, 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेलाचा. 1983 साली वनस्पती तुपात चरबी मिसळल्याचं उघड झालं तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि सरकारनं चरबीची आयातच बंद केली. लोकांना राग आला होता तो न सांगता खाऊ घातल्याचा.

घरी केलेला साबण कुणाला देताना म्हणूनच पहिलं वाक्य हेच असायला हवं की हा बकऱ्याच्या चरबीचा आहे. भेट म्हणून दिला तरी. कागदात गुंडाळत असाल तर त्यावर ठळक लिहा, घटक आणि केल्याची तारीखही लिहा.

विकायचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघा. अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, आणि तो विक्रीसाठी करायला राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचा परवाना लागतो. बचत गटाच्या नावानं जत्रेत टेबल मांडलं म्हणून ही अट सुटत नाही.